'एकोणिसावी पत्नी' : साक्ष, श्रोते आणि कायदा

एकोणिसाव्या शतकातील स्त्री-आत्मकथनांचा विचार करताना ती कोणी लिहिली, एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. ती कोणाला उद्देशून सांगितली गेली, हेही पाहावे लागते. ॲन इलायझा यंग यांचे 'वाइफ नंबर नाइन्टीन' हे १८७५ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथून प्रसिद्ध झालेले आत्मकथन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

ॲन इलायझा यांचा जन्म १८४४ साली इलिनॉय राज्यातील नॉव्हू या गावी एका मॉर्मन कुटुंबात झाला. वडिलांनी पुढे आणखी विवाह केल्यामुळे सवतींसह चाललेल्या संसारातील आईचे दुःख त्यांनी लहानपणीच पाहिले. त्यांचा पहिला विवाह घटस्फोटाने संपला. त्यानंतर पदरी दोन मुलगे असताना, १८६८च्या सुमारास, साठी ओलांडलेले पंथप्रमुख ब्रिगॅम यंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ग्रंथनामातील क्रमांक त्यांच्या स्वतःच्या मोजणीचा आहे. उत्तरकालीन अभ्यासकांनी यंग यांच्या पत्नींची संख्या पन्नासाहून अधिक ठरविली आहे. जुलै १८७३ मध्ये त्यांनी घटस्फोटाचा दावा लावला, नोव्हेंबरात युटा सोडले आणि लगोलग बहुपत्नीकत्वाविरुद्ध जाहीर व्याख्याने देण्यास प्रारंभ केला.

या दाव्यातील पेच मूलगामी होता. घटस्फोट मागायचा तर मुळात विवाह वैध असावा लागतो. आणि हा विवाह वैध मानला, तर बहुपत्नीकत्वालाच मान्यता दिल्यासारखे होते. यंग यांच्या बचावाने नेमका याचाच आधार घेतला. मेरी ॲन एंजेल याच आपल्या विधिमान्य पत्नी असल्याने ॲन इलायझा कायद्याने आपल्या पत्नी नव्हेत, असे त्यांचे म्हणणे होते. जो विवाह पंथाच्या दृष्टीने ईश्वरी आदेशाने झालेला होता, तोच न्यायालयात खुद्द पंथप्रमुखाने नाकारला! १८७५ मध्ये न्यायमूर्ती मॅकीन यांनी दरमहा ५०० डॉलर अंतरिम पोटगीचा हुकूम दिला. तो न पाळल्याबद्दल यंग यांना एक रात्र तुरुंगात काढावी लागली. परंतु १८७७ साली विवाहच अवैध ठरून पोटगीचा प्रश्न निकालात निघाला. ज्या कायद्याने ही स्त्री मुक्त झाली, त्याच कायद्याने ती कधी पत्नी होती हेही अमान्य केले.

ग्रंथाचे उपशीर्षक दास्यातील आयुष्याची कथा सांगते. ही परिभाषा सहज आलेली नाही. १८५६ साली रिपब्लिकन पक्षाने गुलामगिरी व बहुपत्नीकत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटले होते. गुलामांच्या आत्मकथनांवर पोसलेल्या वाचकवर्गाला ही भाषा परिचित होती. मात्र ग्रंथ अर्पण केला आहे तो युटातील मॉर्मन पत्नींना, आणि त्यांतील अनेकींनी हा आवाज आपला मानला नाही. १८७० साली सॉल्ट लेक सिटीत मोठी सभा भरवून मॉर्मन स्त्रियांनी बहुपत्नीकत्वविरोधी विधेयकाचा निषेध केला होता. त्याच वर्षी युटातील स्त्रियांना मताधिकार मिळाला. १८८७च्या बहुपत्नीकत्वविरोधी कायद्याने तो काढून घेतला. स्त्रीमुक्तीच्या नावाने झालेल्या कायद्याची ही दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही.

भारतीय अभ्यासकाला या प्रकरणाशी जोडणारा एक धागा न्यायालयीनच आहे. १८७९च्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुपत्नीकत्व ही मुख्यतः आशियाई व आफ्रिकी समाजांची रीत असल्याचे नमूद केले आणि धर्माचरणाच्या स्वातंत्र्याची मर्यादा दाखविण्यासाठी पतीच्या चितेवर जाणाऱ्या विधवेचे उदाहरण घेतले. ज्या समाजात असे दाखले स्वाभाविक वाटत होते, त्याच समाजापुढे पुढे पंडिता रमाबाईंना बोलावे लागले. त्यांचा 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाला. दोघींचे जीवन आणि विचार भिन्न होते. तरीही आपल्याच समाजातील अन्याय परक्या श्रोत्यांपुढे मांडताना त्या श्रोत्यांच्या पूर्वग्रहांना बळ मिळण्याचा धोका दोघींपुढेही होता.

म्हणून अशा ग्रंथाचे वाचन दुहेरी असावे लागते. व्याख्यानपीठाच्या गरजेने कथनाला आलेला आकार ओळखला पाहिजे. पण तेवढ्यावरून त्यातील वेदना बनावट ठरविणे म्हणजे न्यायालयाने जे केले, तेच समीक्षेने पुन्हा करणे होय.