दुसऱ्या देशाच्या आसनावरून : अभिरूप राजनयाचे शिक्षण

अभिरूप संसद आपल्या शाळा-महाविद्यालयांना नवीन नाही. युवा संसदेची योजना आपल्याकडे १९६६-६७ मध्येच सुरू झाली. याच जातीचा, पण आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरचा उपक्रम म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद. विद्यार्थी तिला ‘एमयूएन’ म्हणतात. तिचे मूळ संयुक्त राष्ट्रसंघाहूनही जुने आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये राष्ट्रसंघाची अभिरूप अधिवेशने भरत असत. हेग येथे शालेय विद्यार्थ्यांची परिषद १९६८ पासून भरते. संयुक्त राष्ट्रसंघाने स्वतःही जिनिव्हा (२००९), क्वालालंपूर (२०१०) आणि इंचॉन (२०११) येथे अशा परिषदा घेतल्या होत्या. अलीकडे भारतातून परदेशी परिषदांना जाणाऱ्या चमूंची संख्या बरीच वाढली आहे. म्हणूनच या उपक्रमातून विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

परिषदेची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक चमूला एक देश नेमून दिला जातो आणि तो बहुधा स्वतःचा नसतो. त्या देशाचे भूमिकापत्र आधी लिहून पाठवायचे, समितीत त्या देशाच्या वतीने बोलायचे, समविचारी देश जमवून ठरावाचा मसुदा तयार करायचा आणि शेवटी मतदान. यातील मतदान हा भाग वास्तवापासून काहीसा दूरचा आहे. संयुक्त राष्ट्र महासभेचे बहुसंख्य ठराव मतदानाविना संमत होतात, तर जागतिक व्यापार संघटनेत १६६ सदस्यांच्या सहमतीने निर्णय घेण्याचा प्रघात आहे. तेथे बहुमत जमविण्यापेक्षा एकेका शब्दावर नकार टाळणे अधिक कठीण असते. उत्कृष्ट प्रतिनिधीचे पारितोषिक देणाऱ्या परिषदांत हे कौशल्य मागे पडते आणि वक्तृत्व पुढे येते, असे माझे निरीक्षण आहे.

शब्दाचे मोल किती असते, याची दोन उदाहरणे भारताच्याच इतिहासात आहेत. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या (१९४८) पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द आले, त्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते. २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेत कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने ‘बंद करणे’ याऐवजी ‘कमी करणे’ हा बदल अखेरच्या घटकेस झाला आणि तो भारताने मांडला. विकसनशील देशाच्या ऊर्जाधोरणाचा केवढा भाग त्या एका क्रियापदात सामावलेला होता!

२०१९च्या प्रारंभी विदर्भातील एका महाविद्यालयाच्या चमूला तयारीत साहाय्य करण्याचा योग मला आला. अमेरिकेतील एका परिषदेत जागतिक व्यापार संघटनेच्या कृषीविषयक चर्चेचे अभिरूप सत्र होते आणि या चमूच्या वाट्याला बेनिन हा देश आला होता. पश्चिम आफ्रिकेतील या लहान देशाचे नाव ऐकून विद्यार्थी प्रथम हिरमुसले. पण बेनिनची निर्यात मुख्यत्वे कापसावर अवलंबून आहे आणि तेथील कापूसही बहुतांशी पावसावर, लहान शेतकऱ्यांच्या शेतात पिकतो, हे कळल्यावर त्यांचा नूर पालटला. यवतमाळ-वर्ध्याच्या मुलांना याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती.

बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत कापसाचा प्रश्न मांडला. श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या उत्पादकांना जे अनुदान देतात त्यामुळे जागतिक बाजारभाव दबतो, ही त्यांची तक्रार होती. ब्राझीलने याच प्रश्नावर अमेरिकेविरुद्धचा दावा २००५ मध्ये अपिलातही जिंकला. इथवर विद्यार्थ्यांची सहानुभूती आणि नेमून दिलेली भूमिका यांत अंतर नव्हते.

अंतर पुढे पडले. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने संघटनेच्या कृषी समितीत असे निवेदन दिले की, भारत कापसाला देत असलेले आधारभूत किमतीचे साहाय्य प्रत्यक्षात अनुज्ञेय मर्यादेहून, म्हणजे उत्पादनमूल्याच्या दहा टक्क्यांहून, कितीतरी अधिक आहे. यातील गणित समजून घेण्यासारखे आहे. किमान आधारभूत किमतीतून १९८६-८८ची स्थिर संदर्भ किंमत वजा करायची आणि येणाऱ्या फरकाला पात्र उत्पादनाने गुणायचे. ‘पात्र’ म्हणजे भारताच्या मते सरकारी यंत्रणेने प्रत्यक्ष खरेदी केलेला माल. अमेरिकेच्या मते देशातील संपूर्ण उत्पादन. दुसरा वाद चलनाचा. १९८६-८८ मध्ये डॉलर सुमारे १३ रुपयांना मिळत होता. हिशेब रुपयांत केला, तर तीन दशकांची सारी भाववाढ अनुदान म्हणून भारताच्या खाती पडते. डॉलरमध्ये केला, तर ती बऱ्याच अंशी गळून जाते. भारत आपला हिशेब डॉलरमध्ये देतो.

आता बेनिनने काय म्हणावे? भारत हा जगातील मोठ्या कापूस उत्पादकांपैकी एक; त्याच्या साहाय्याचा प्रश्न विचारणे बेनिनच्या हिताचेच होते. चमूतील एका विद्यार्थिनीच्या घरचा कापूस हमीभावाने खरेदी केंद्रावर जात असे. तिने चार दिवस हा परिच्छेद लिहिण्याचे टाळले. पाचव्या दिवशी लिहिला, तो मात्र संपूर्ण चमूच्या भूमिकापत्रातील सर्वांत नेमका उतरला. कारण तिने दोन्ही गणिते स्वतः करून पाहिली होती.

ही सर्व तयारी येथेच, एका खोलीत झाली. संघटनेचे दस्तऐवज संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. खर्च आला तो पुढे, विमानभाडे, व्हिसा आणि नोंदणी शुल्काचा. तो न झेपल्याने तयारीत सर्वांत पुढे असलेला एक विद्यार्थी मागे राहिला. प्रवासाला निधी देणाऱ्या संस्था आहेत, पण त्या निवड करताना बहुधा अस्खलित इंग्रजीकडे पाहतात; आणि हा विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला होता. तयारीच्या टप्प्यातील कामाला गुण देऊन निवड करणे आणि अंतिम सत्रे भारतातच विद्यापीठांनी एकमेकांच्या सहकार्याने घेणे, हे दोन्ही उपाय फारसे खर्चिक नाहीत.

परिषदेत भारताचे आसन एका युरोपीय विद्यापीठाच्या चमूकडे होते. बेनिनच्या प्रतिनिधीने संदर्भ किमतीचा प्रश्न विचारला, तेव्हा ‘भारत’ गोंधळला आणि अन्नसुरक्षेवर बोलू लागला. भारताचे उत्तर समितीत एकाच व्यक्तीला पूर्णपणे ठाऊक होते आणि ती बेनिनच्या नामफलकामागे बसली होती. मध्यंतरात ती भारताच्या आसनाकडे गेली आणि तिने त्या मुलांना डॉलर व रुपयाचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. हे नियमात बसते का, असे तिने मला रात्री दूरध्वनीवर विचारले. वास्तवातील शिष्टमंडळेही मध्यंतरात एकमेकांच्या टेबलांकडे जातात, एवढेच मी सांगितले.

दुसऱ्या दिवशी ‘भारता’ने सविस्तर उत्तर दिले. ठरावात कापसावर एक परिच्छेद आला. बेनिनने त्यात ‘आग्रह करते’ हे क्रियापद मागितले होते. संमत मसुद्यात ‘प्रोत्साहन देते’ असे राहिले.