फोन गप्प करू नकोस

नाशिक, ८ ऑक्टोबर २०२५

चि. बाळा,


परवा कोजागरीला मळ्यात आलो होतो. दुधाच्या पातेल्याभोवती सगळे जमलेले असताना तू सहज म्हणालास, "मामा, मेसेजचा आवाजच बंद करून टाकलाय. दिवसभर कंपनीचे मेसेज, कोण बघणार?" चार माणसांत तुला टोकायला नको म्हणून मी गप्प बसलो. पण घरी आल्यापासून ती गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

तू तुझा फोन माझ्या हातात दिला होतास. वर डेटा पॅकचा मेसेज, खाली रिचार्जवर कॅशबॅक, त्याखाली कर्ज, क्रिकेटचं पॅक, परत कर्ज. आणि त्या गर्दीत सहाव्या की सातव्या ओळीला पावसाच्या अंदाजाचा मेसेज. दोन दिवस आधी आलेला, तू न उघडलेला. तुझी द्राक्षाची छाटणी होऊन तीन आठवडे झालेत, घड दिसायला लागलेत. या दिवसांत पावसाच्या आधी फवारा गेला की नाही यावर डावणी रोगाचं सगळं ठरतं, हे मी तुला सांगायला नको. तुझे आजोबा आभाळ आणि रेडिओ यांच्या भरवशावर बाग करायचे. जुलै २०१३ मध्ये सरकारचं एम-किसान सुरू झालं आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्याच्या साध्या बटणाच्या फोनवरही पिकाचा, हवामानाचा सल्ला एसएमएसनं यायला लागला, तेव्हा त्यांना केवढं अप्रूप वाटलं होतं! तोच फोन तू आता मुका करून ठेवलास. नको असलेल्यांचं तोंड बंद करायचं सोडून तू स्वतःचे कान बंद केलेस, बाळा.

मी हे अनुभवावरून बोलतोय. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या फोनच्या पडद्यावर आपोआप चौकट उघडायची. एकदा गडबडीत मी त्यावर 'ओके' दाबलं आणि गाण्याची कॉलर ट्यून गळ्यात पडली. दर महिन्याला तीस रुपये जात होते आणि मला त्याचा पत्ता तीन महिन्यांनी लागला. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझे नव्वद रुपये परत मिळाले नाहीत. पण त्या रागातून मी मेसेजचे सगळे नियम नीट वाचून घेतले, आणि तेव्हापासून माझ्या फोनवर नको तो मेसेज क्वचित येतो. आलाच, तर तक्रार केल्याशिवाय मी झोपत नाही.

आधी मेसेज कुणाचा हे ओळखायला शीक. कंपन्यांच्या, बँकांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी नंबर नसून इंग्रजी अक्षरं असतात. सुरुवातीच्या दोन अक्षरांतलं पहिलं मोबाइल कंपनीचं, दुसरं सर्कलचं, म्हणजे तिच्या सेवेच्या भागाचं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, नियम दुरुस्त केल्यानंतर शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवेची माहिती, टी म्हणजे व्यवहाराचा मेसेज, जी म्हणजे सरकारी. एवढं एक अक्षर बघायची सवय लागली तरी अर्धं काम झालं. "तुमचा रिचार्ज उद्या संपतोय" हे कंपनीनं कळवलं तर ती सेवा आहे, ते यायलाच हवं. "अमुक रिचार्ज करा, सिनेमे फुकट बघा" ही जाहिरात आहे. ती नाकारायचा तुला हक्क आहे, मग पाठवणारी तुझी स्वतःची मोबाइल कंपनी असली तरीही.

नाकारायची रीत सोपी आहे. १९०९ या नंबरावर इंग्रजीत 'स्टार्ट', मग जागा सोडून शून्य, एवढा एसएमएस पाठवायचा. पैसे पडत नाहीत. लिहिणं जमत नसेल तर १९०९ ला फोन लावूनही नोंद होते. शून्य म्हणजे सगळ्याच जाहिराती बंद. एखाद्या विषयाच्या ठेवायच्या असतील तर बँक-विमा, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य असे वेगळे आकडे आहेत, पण माझं मत विचारशील तर शून्यच पाठव. बँकेचे मेसेज, ओटीपी, सरकारी मेसेज यानं बंद होत नाहीत. पुष्कळ लोक याच भीतीनं नोंदणी करत नाहीत आणि ती भीती खोटी आहे. नोंद झाल्याचं उत्तर येतं, ते जपून ठेव. तुझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत, तेव्हा एसएमएस दोन्हींवरून वेगवेगळा करायचा. नोंद नंबराची होते, माणसाची नाही.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळ जण नोंदणी करतात, आठवड्यानं पुन्हा एखादा मेसेज येतो, आणि "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. तू तसं करू नकोस. ही सगळी व्यवस्था तक्रारीवर चालते. आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि तारीख, असं सात दिवसांच्या आत १९०९ वर पाठवायचं. आधी तीनच दिवस मिळायचे. ट्रायचं डीएनडी ॲप घेतलंस तर दोन-चार वेळा बोट लावलं की झालं. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध तर नोंदणी नसलेल्यालाही आता तक्रार करता येते. पूर्वी अशा नंबरावर कारवाई व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागायच्या, आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन आणि मेसेज पंधरा दिवस बंद होतात, पुन्हा केलं तर वर्षभरासाठी कनेक्शनच जातं. पाच तक्रारी म्हणजे तुझ्या भजनी मंडळातली निम्मी माणसंसुद्धा नाहीत. पण त्या पाचांपैकी प्रत्येकानं मेसेज नुसता पुसून टाकला तर तो पाठवणारा उद्या सहाव्याला गाठणार.

एका चुकीपासून मात्र सांभाळ. अनोळखी दहा आकडी नंबरावरून मेसेज आला तर त्यालाच 'स्टॉप' असं उत्तर देऊ नकोस. त्यानं फक्त हा नंबर चालू आहे आणि इथलं माणूस मेसेज वाचतं एवढंच त्याला कळतं. त्यातली लिंक तर उघडायचीच नाही. फसवणुकीचा वास आला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये कळव. पैसे गेलेच तर लाजत बसू नकोस, त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर.

आणि आपला नंबर आपणच वाटत सुटतो, तेही थांबव. दिवाळीत मेन रोडवर, कॉलेज रोडवर दुकानादुकानांत सोडतीचे कागद भरून घेतील. त्या कागदावर नंबर लिहिलास की तो दुकानदाराच्या हाती गेला, आणि ज्याला तू परवानगी दिलीस त्याला १९०९ ची नोंद अडवत नाही. दिलेली परवानगी काढून घेता येते, हेही लक्षात ठेव.

तुझ्याइतकीच मला ताईची, म्हणजे तुझ्या आईची, काळजी आहे. तिचा फोन बटणाचा. परवा ती म्हणत होती की बँकेत उभी होते आणि ओटीपी आलाच नाही, दोन हेलपाटे पडले. मी फोन घेऊन बघितला तर मेसेजची जागा पूर्ण भरलेली, सगळ्या जाहिराती. नवीन मेसेजला शिरायला वाव नव्हता. मी पन्नासेक पुसले, पण तुमच्याकडे रेंज जात-येत होती म्हणून पुढचं राहून गेलं. तिच्या फोनवर मध्येच उघडणाऱ्या चौकटीही येतात, त्या 'सिम टूलकिट'मध्ये जाऊन बंद होतात. ती डोळ्यांनी अधू, घाईनं 'ओके' दाबते. कुठली सशुल्क सेवा चुकून सुरू झाली असेल तर १५५२२३ वर 'स्टॉप' पाठवून बंद करता येते. २०१३ पासून तर अशी सेवा सुरू करायला ग्राहकाची दोनदा संमती लागते. माझे नव्वद रुपये गेले तेव्हा हा नियम नव्हता.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की ताईजवळ बस. तिचा फोन घे, उरलेले मेसेज तिला विचारून पूस, १९०९ ला एसएमएस कर, मग तुझ्या दोन्ही सिमवरून कर, आणि तुझ्या फोनचा आवाज परत सुरू कर. तिन्ही नंबरांची उत्तरं आली की मला फोन कर, मी जागा आहे.

तुझा,
मामा