धुकं पडावं, पाणी पडू नये

बेटा, यंदा कोंबड्यांची शेड तुझ्या हातात आहे, तेव्हा हाय प्रेशर फॉगरचं एकदा नीट ऐकून घे. आपल्या अमरावतीत मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असते, म्हणून हे यंत्र इथे कामाचं. 1 लिटर पाणी हवेत विरताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेतं. मात्र ते हवेतच विरलं पाहिजे. तुसावर पडलं तर अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात, मागोमाग कॉक्सी (कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग) येते.

पंप लावण्याआधी दोन्ही थर्मामीटर बघ. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलंय. दोघांत 15-20 अंशांचं अंतर असेल तर खुशाल चालव. अंतर 5-6 वर आलं की पंप बंद, पंखे चालूच. कोंबडीला घाम येत नाही, उन्हाळ्यात मुख्यतः धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. हवा दमट झाली की ती धापही वाया जाते. मृगाच्या तोंडी ढग दाटून उकडायला लागलं की पुष्कळ जण घाबरून फॉगर वाढवतात आणि त्यातच पक्षी जातात. तू तसं करू नकोस. दुपारीसुद्धा सलग सोडायचं नाही. मिनिटभर चालू, तीन-चार मिनिटं बंद, असा टायमर लाव आणि नोझलखालचं तूस मुठीत दाबून बघ. गोळा झाला तर बंदचा वेळ वाढव.

काटा 70 बारवर हवा. तेवढ्या दाबानेच थेंब 10-20 मायक्रॉनचा होतो. काटा उतरला की आधी फिल्टर बघ, मग गळती, मग झिजलेली नोझल. रेग्युलेटर पिळून काटा वर आणायचा मोह टाळ. पंप दर फेऱ्याला तेवढंच पाणी ढकलतो. नोझल बुजली की जास्तीचं पाणी बायपासमधून पुन्हा पंपातच फिरतं, तापतं आणि सील जाळतं. पाण्याविना चालला तर काही मिनिटांत तीच गत. इनलेटचा प्रेशर स्विच सारखा ट्रिप होतो म्हणून वायरमन तो डायरेक्ट करून देईल, देऊ नकोस.

आपल्या बोअरला क्षार फार. सॉफ्टनरने पाणी मऊ होतं, पण एकूण क्षार तेवढेच राहतात, म्हणून नोझलसाठी आरओचंच पाणी घे. नोझलचं भोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं असतं. सुई घातलीस की ते कायमचं बिघडलं, पुढे धुक्याऐवजी धारच येणार. रबरी रिंग काढ, लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजव, स्वच्छ धू. खोलण्याआधी काटा शून्यावर आलाय ना, ते बघ. गळती बोटाने चाचपू नकोस, 70 बारची धार कातडीत शिरते. पुठ्ठा धरून बघायचं.

संध्याकाळी लाइन रिकामी करायला विसरू नकोस, मी सगळ्यात जास्त सांगतो ते हेच. नळीत साचलेल्या कोमट पाण्यात लीजिओनेला जंतू वाढतो. 1989 साली अमेरिकेत, लुइझियानातल्या बोगालुसा गावी, किराणा दुकानात भाजीवर धुकं सोडणाऱ्या यंत्रातून तो पसरला आणि गिऱ्हाइकांना न्यूमोनिया झाला. आपल्या शेडवरची माणसं दिवसभर हेच धुकं श्वासात घेतात. टाकी सावलीत, झाकलेली ठेव. दोन-चार दिवस बंद राहिलं तर आधी टाकी क्लोरीनने धू, लाइनमधलं पाणी बाहेर सोड, मगच पक्ष्यांवर लाव.

पंपाचं ऑइल काचेतून रोज बघ. दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. सील बदल, ऑइलही. पाऊस लागला की पंपातलं पाणी काढून घे, नोझल डब्यात भर. सील किट फेब्रुवारीतच मागवून ठेव, एप्रिलमध्ये सगळ्यांचेच पंप एकदम निघतात आणि दुकानात किट मिळत नाही.