आत्याचं मुखपृष्ठ, आजीची जाहिरात

जुन्या घरगुती फोटोंपासून मासिकांची लुटुपुटीची मुखपृष्ठं आणि जाहिराती करायचा नाद मला लागला, तो साठी-पंचाहत्तरीला काय द्यावं हे शोधता शोधता. दिसायला हा खेळ आहे. पण मनापासून केला, तर ज्यांची कुणी कधी दखल घेतली नाही, अशा माणसांना पहिलं पान मिळतं. करता करता जे उमगलं, ते असं.

१. आधी फोटो नीट बघा, मग मासिक ठरवा.
स्टुडिओत काढलेला, मान किंचित वळवलेला एकटीचा फोटो दिवाळी अंकाला शोभतो. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ची किंवा रघुवीर मुळगावकरांच्या ‘रत्नप्रभा’ची जुनी मुखपृष्ठं डोळ्यांखालून घाला. एक ठसठशीत आकृती, अंकाचं नाव आणि बाकी मजकूर नावापुरता. सहलीचा, पंगतीचा फोटो साप्ताहिकाकडे जातो. ज्या फोटोत हात कामात गुंतलेत, त्याची जाहिरात करा.

२. स्कॅन करताना घाई नको.
आग्फा क्लिक कॅमेऱ्याच्या जमान्यातले चौकोनी फोटो जेमतेम सव्वादोन इंचांचे. त्यातून ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला छापायचं, तर स्कॅन १२०० डीपीआयला हवं. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. सुटत नसेल, तर पानासकट स्कॅन करा. मूळ फोटो फाटला की तो गेलाच.

३. चेहऱ्याला हात लावू नका.
ओरखडे आणि बुरशीचे डाग जरूर पुसा. देवीचे व्रण, पुढे आलेला दात, तेल लावून चापून बसवलेले केस मात्र राहू द्या. चेहरा आपोआप ‘सुधारून’ देणारी ॲप्स अनेकदा आपल्या माणसाला भलत्याचेच डोळे लावतात.

४. काळ जुळवा.
दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली. त्याआधीच्या अंकावर किंमत आण्यांत हवी. त्यानंतरची काही वर्षं ‘नवे पैसे’. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला, म्हणून १९६५च्या जाहिरातीत ‘पुणे २’ एवढा पत्ता पुरे. घरातली वडीलधारी मंडळी असे बारकावे बरोबर टिपतात आणि तिथूनच त्यांच्या आठवणींना सुरुवात होते.

५. अक्षरांवर वेळ खर्च करा.
नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं पाहिली, की नुसत्या वळणातून नाटकाचा स्वभाव कसा कळतो ते दिसतं. हातानं अक्षरं काढता येत असतील, तर उत्तमच. नाहीतर ‘यात्रा वन’सारखा मोफत फॉन्ट घ्या, तो मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो.

६. मथळा घरातलाच हवा.
माझी आत्या गणिताची शिक्षिका. फोटोत ती शाळेच्या फाटकाशी सायकल धरून उभी आहे, पदर कमरेला खोचलेला, हँडलला वह्यांची पिशवी. ‘आदर्श शिक्षिका’ हा मथळा कुणालाही चिकटतो. मी तिचंच वाक्य घेतलं: ‘कच्चं काम दाखवलं नाही, तर गुण नाहीत!’ खाली बारीक टाइपात: ‘पहाटेची शिकवणी: चहा मिळेल, सूट नाही’ आणि ‘सायकलची हवा कुणी सोडली? विशेष तपास’. पंचाहत्तरीला आलेल्या तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तो मथळा थेट तिच्या सुरात वाचला. ती पुन्हा वर्गात उभी असल्यासारखी ताठ झाली.

७. जाहिरात खऱ्या गुणाची करा.
लीला चिटणीस १९४१मध्ये लक्सच्या जाहिरातीत झळकल्या. तारकेचा चेहरा साबणाला मोठं करतो. आपल्याला उलट माणसाला मोठं करायचंय, तेही त्याच्याच हातच्या वस्तूनं. फोटोत आजी उखळीपाशी बसलेली होती. त्यावर लिहिलं: ‘आजीचा गोडा मसाला. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर. भाजताना बोलू नये. आमची कोठेही शाखा नाही.’ हा मजकूर नेमका व्हावा म्हणून काकूला बसवून एकेक जिन्नस विचारला, आणि त्या निमित्तानं आमच्या घरचं प्रमाण पहिल्यांदा कागदावर उतरलं.

८. विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका.
घरच्या भिंतीवर शोभणारी गोष्ट शंभर जणांच्या ग्रुपवर गेली, तर एखाद्याला लागू शकते. फोटोतल्या माणसाची परवानगी घ्या. ते हयात नसतील, तर त्यांच्या मुलांची. मासिकाचं आणि कंपनीचं नावही आपलंच रचा. दुसऱ्याचं बोधचिन्ह उचलायचं कारण नाही, आणि आडनावावरून किंवा गल्लीवरून केलेलं नाव जास्त गोड लागतं.

९. छापा, आणि वेळेत द्या.
मोबाइलमधलं चित्र चार दिवसांत खाली सरकतं. जाड मॅट कागदावर छापून घ्या. मागच्या बाजूला मूळ फोटोतल्या सगळ्यांची नावं, गाव आणि अंदाजे साल लिहा. नावं सांगू शकणारं माणूस घरात आहे, तोवरच हे काम होतं. म्हणून पंचाहत्तरीच्या मुहूर्तासाठी अडून राहू नका. येत्या रविवारी ट्रंक उघडा आणि त्या माणसाला शेजारी बसवूनच पहिला फोटो निवडा.