मोठेबाबांना हिशोब मागायचा, तर खर्च किती?

सातबाऱ्यावर आपलं नाव, नावापुढे ‘अज्ञान’, आणि मग ‘अ.पा.क.’ लिहून मोठेबाबांचं, मामाचं किंवा आईचं नाव. महागाव तालुक्यात असे उतारे घरोघरी पत्र्याच्या पेटीत पडलेले असतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप गेला तेव्हा पोरगं सहा-सात वर्षांचं होतं. फेरफार झाला, वावर पोराच्या नावावर चढलं. पण पेरायला, मक्त्यानं द्यायला आणि अडत्याकडून पट्टी उचलायला मोठेबाबाच. पुढं पोरगं शिकायला पुसदला किंवा यवतमाळला जातं, अठरा ओलांडतं आणि एका दिवाळीत विचारतं, “माझ्या वाट्याच्या चार एकराचं काय झालं?” उत्तर बहुतेक घरांत एकच येतं: “तुला शिकवलं कोणी?”

हे उत्तर खोटं नसतं, पण तो हिशोबही नसतो. हिशोब मागणं म्हणजे चोरीचा आळ घेणं नव्हे. तो कसा मागायचा आणि त्याला रुपयांत काय पडतं, एवढंच इथं पाहू.

आधी पैसा कुठकुठला आहे ते ओळखा, कारण गोष्ट नुसत्या वावराची नसते. याच तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं, तेव्हापासून शेतकरी आत्महत्येचा विषय निघाला की महागावचं नाव येतं. २००६ पासून पात्र ठरलेल्या घराला सरकार १ लाख रुपये देतं: ३० हजार हातात आणि ७० हजार पोस्टाच्या किंवा बँकेच्या ठेवीत. त्या ठेवीची मुदत कधी संपली आणि पैसे कोणाच्या सहीनं निघाले, याची फाईल तहसीलमध्ये असते. बाप अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेचे २ लाख आले असतील. मोटार अपघाताचा दावा झाला असेल, तर न्यायाधिकरण बहुधा अज्ञान मुलाचा वाटा तो अठरा वर्षांचा होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. विमा असेल तर पॉलिसीचा कागद नीट वाचा. विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ खाली काढलेली पॉलिसी ही कायद्यानं बायको-मुलांसाठीची विश्वस्त ठेवच असते. ती रक्कम उचलणारा नातेवाईक तिचा मालक होत नाही. विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे. दहा वर्षं कोणी हात न लावलेली खाती तिथं फुकट शोधता येतात.

कागदांचा खर्च: दोनशे रुपयांच्या आत

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये, आठ-अ १५ रुपये, डिजिटल फेरफारही १५ रुपये. एक सातबारा, एक आठ-अ आणि पाच फेरफार काढले तर १०५ रुपये होतात. फेरफार काढायला कंटाळू नका. सातबारा आजचा मालक सांगतो, तो मालक कसा झाला हे फेरफार सांगतो. ‘खरेदीखतावरून’, ‘वाटणीपत्रावरून’, ‘हक्कसोड’ या शब्दांखाली रेघ मारा, शेजारी नोंदीची तारीख लिहा आणि त्या तारखेला आपलं वय किती होतं ते मांडा. दहा वर्षांच्या पोरानं हक्कसोड करून दिल्याचं दिसलं, तर तिथं बोट ठेवून थांबा. संगणकावर नसलेले जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देऊन मिळतात.

खरेदीखत नोंदलं गेलं का, हे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोनमध्ये मोफत दिसतं. आत्महत्या मदतीच्या फाईलसाठी तहसीलदार कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. चाळीस पानं निघाली तरी खर्च ९० रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील २० रुपयांत होतं. म्हणजे सगळे कागद मिळून १९५ रुपये. तहसीलबाहेरच्या अर्जनवीसाचे पैसे वेगळे. पण माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेला चालतो.

बँकेत मात्र घाई करा. तुमच्या नावाच्या खात्याचा उतारा मागणं हा तुमचा हक्क आहे, पण बँकेला व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षंच सांभाळाव्या लागतात. पंधरा वर्षांपूर्वी कोणी पैसे उचलले, ते सांगणारं व्हाउचर कदाचित रद्दीत गेलेलं असेल. जुनं पासबुक सापडलं तर ते सोन्यासारखं जपा. आणि अठरा पूर्ण झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नवी सही आणि केवायसी देऊन खातं आपल्या ताब्यात घ्या.

सातबाऱ्यावरचा अ.पा.क. शेरा काढायलाही असंच जा. ई-हक्क प्रणालीवर त्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि त्याची फी नाही. सोबत वयाचा पुरावा लागतो. तलाठ्यानं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) फेरफार घेतला की शेरा जातो. पुष्कळजण चाळिशी आली तरी कागदावर ‘अज्ञान’च असतात. पीककर्ज मागायला बँकेत गेल्यावर त्यांना ते कळतं.

हिशोब मांडायचा कसा

वावर मक्त्यानं दिलं असतं तर काय आलं असतं, हे सगळ्यात सोपं माप. शेजारच्या धुऱ्यावरच्या कास्तकाराला त्या-त्या वर्षाचा मक्ता विचारा. समजा, सरासरी एकरी १० हजार धरले. आकडा निव्वळ उदाहरणाचा आहे. चार एकर, अकरा वर्षं, म्हणजे ४ लाख ४० हजार. त्यातून शाळेची फी, वसतिगृह, दवाखाना, शेतसारा, बापाचं फेडलेलं कर्ज, बहिणीच्या लग्नातला खर्च वजा करा. हे वजा करायलाच हवं. पालनकर्त्यानं पोरासाठी केलेला वाजवी खर्च कायदाही मान्य करतो, आणि ज्या वर्षी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली त्या वर्षी मक्ताही कमी धरावा लागेल. आकडा असा कापून छाटून उरेल तोच मागा. फुगवलेल्या आकड्यानं पहिल्या बैठकीतच बोलणं तुटतं, आणि नंतर कोर्टातही तो आकडा सिद्ध करायची पाळी तुमच्यावरच येते.

मग पत्र लिहा. वकिलाची नोटीस नंतर. पहिलं पत्र आपल्या हाताचं. मजकूर एवढा पुरे:

“ती. मोठेबाबांस, सा. न. माझी जन्मतारीख अमुक असून अमुक तारखेस मी सज्ञान झालो. तोवर माझ्या नावच्या मिळकतीचे पालनकर्ते आपण होता. त्या काळातील उत्पन्न, माझ्यासाठी केलेला खर्च व शिल्लक यांचा लेखी हिशोब तीस दिवसांत मिळावा.”

रजिस्टर एडीची जुनी सोय २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, म्हणून पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

पालनकर्ता कोर्टानं नेमलेला असेल, तर काम सोपं. पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली मिळकतीची यादी आणि हिशोब देण्याचा आदेश कोर्ट त्याला करू शकतं, आणि ते कागद कोर्टाच्या फाईलीत सापडतात. मृत्युपत्रानं किंवा न्यास करून पैसा ठेवला असेल, तर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ प्रमाणे विश्वस्तानं स्वच्छ हिशोब ठेवलाच पाहिजे आणि लाभार्थ्यानं मागितल्यावर दाखवला पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत यातलं काहीच नसतं, सगळा कारभार तोंडी असतो. म्हणून धुऱ्यावरचे साक्षीदार, अडत्याच्या पट्ट्या आणि सोसायटीची कर्जखाती यांनाच मोल येतं.

सगळ्यात महाग काय? एकविसावा वाढदिवस

नैसर्गिक पालकानं, म्हणजे वडिलांनी आणि त्यांच्या मागं आईनं, मुलाची जमीन जिल्हा न्यायालयाच्या आगाऊ परवानगीशिवाय विकली, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे मुलाला ती विक्री रद्द करून घेता येते. मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. अठरा आणि तीन, एकवीस. एकविसाव्या वाढदिवसानंतर तोच दावा लंगडा होतो. २००१ चा विश्वंभर विरुद्ध लक्ष्मीनारायण हा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच. आईनं पालक म्हणून जमीन विकली होती. मुलांनी ताब्याचा दावा केला, पण खरेदीखत रद्द करण्याची मागणी मूळ दाव्यात घातली नाही. ती दुरुस्तीनं घातली तोवर मुदत टळली होती, आणि सर्वोच्च न्यायालयात ते हरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये के. एस. शिवप्पा विरुद्ध के. नीलम्मा या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की, सज्ञान झालेला मुलगा दावा न लावता स्वच्छ वर्तनातूनही, उदाहरणार्थ तीच जमीन स्वतः विकून, जुना व्यवहार नाकारू शकतो. पण तेही मुदतीच्या आतच. या निकालावर विसंबून घरी बसू नका.

काका, मामा, आजोबा यांची गोष्ट वेगळी. कोर्टानं नेमल्याशिवाय ते नुसते प्रत्यक्षातले सांभाळकर्ते असतात आणि कलम ११ प्रमाणे त्यांना अज्ञानाची मिळकत विकताच येत नाही. अशा विक्रीत ताब्याच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत धरली जाते. तरी माझं मत एकच: कोणीही विकलेलं असो, एकवीसच्या आत वकिलाकडे जा. सातबाऱ्यावर ‘ए.कु.मे.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असेल, तर अविभक्त हिश्श्याला कलम ८ लागत नाही. तिथं वाटणीचा दावा येतो. मुस्लिम घरांत आई, भाऊ, काका हे मिळकतीचे कायदेशीर पालक नाहीत; कोर्टानं नेमलं नसेल तर त्यांनी केलेली विक्री मुळातच रद्दबातल. आंध, गोंड अशा अनुसूचित जमातींना १९५६ चा हिंदू कायदा आपोआप लागत नाही, मात्र आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे गेली असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ हाताशी असतं.

कोर्टाची पायरी

कोर्ट फी ऐकून लोक घाबरतात. शेतजमिनीच्या ताब्याच्या दाव्याचं मूल्य बाजारभावावर न लावता शेतसाऱ्याच्या पटीत लावतात, त्यामुळं फी बरीच आवाक्यात राहते. खरेदीखत रद्द करून मागितलं की फी मिळकतीच्या मूल्याशी जोडली जाते. निव्वळ हिशोबाच्या दाव्यात सुरुवातीला अंदाजी रक्कम घालता येते; जास्त निघाली तर फरक नंतर भरायचा. आणि घरातल्या मुलींनी हे लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे.

वकिलाच्या फीचा दर कुठल्या फळ्यावर लिहिलेला नसतो. ती टप्प्यांत ठरवा: नोटीस, दावा दाखल, साक्षीपुरावा, निकाल. प्रत्येक टप्प्याची रक्कम लिहून घ्या, पावती मागा. ‘निकाल लागल्यावर जमिनीतला हिस्सा द्या’ असं कोणी म्हणालं तर उठून या. वकिलाला दाव्याच्या मिळकतीत वाटा ठरवता येत नाही.

फौजदारी तक्रार लिहून द्यायला पैसे लागत नाहीत. अमानतीत खयानतीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे. पण पोलीस बहुधा ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि तक्रार एकदा झाली की घरातलं बोलणं कायमचं संपतं.

वेळेची किंमत कळायला ताई महाराज प्रकरण पुरे. पुण्याचे बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. इस्टेट सांभाळायला त्यांनी नेमलेल्यांत लोकमान्य टिळक होते, आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ दत्तक झाला आणि मग विधवा ताई महाराज व विश्वस्त यांच्यात जुंपली. १९०३ मध्ये टिळकांना खोट्या साक्षीबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. १९०४ मध्ये हायकोर्टानं निर्दोष ठरवलं. दिवाणी वाद चालूच राहिला. टिळक मंडालेला सहा वर्षं काढून परत आले, तरी तो मिटला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला १९१५ मध्ये. दत्तकानंतर चौदा वर्षांनी.

म्हणून दाव्याआधी किंवा दावा चालू असताना लोकअदालतीचा विचार करा. तिथं फी नाही, आणि चालू दावा तिथं मिटला तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते. स्त्रिया, अठराखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, आणि वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेले यांना विधी सेवेतून वकील मोफत मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करून चौकशी करा. जाताना सातबारा, फेरफार आणि शाळा सोडल्याचा दाखला न्या. पहिल्यांदा जन्मतारीखच विचारतील.