फटफटीवरून लांबचा प्रवास

पूर्वी साऱ्या गावात एखादीच फटफटी असायची. ती आली की पोरे मागे धावत. आता दारोदारी मोटारसायकल दिसते. दुधाच्या किटल्या तिच्यावर, खताचे पोते तिच्यावर आणि लेकीला भेटायला तिच्या सासरी जायचे तरी तिच्यावरच. गावातल्या गावात गाडी चालवणे बहुतेकांना जमते. पण शंभर-दीडशे किलोमीटर जायचे म्हटले, की गोष्ट निराळी होते. वाट अनोळखी, मागे माणूस, बरोबर सामान आणि मधे घाट. गावात गाडी अडली तर ढकलत घरी आणता येते. घाटात अडली तर काय करायचे?

म्हणून या पाठात आपण लांबच्या प्रवासाची माहिती घेऊ. उदाहरणासाठी कऱ्हाडहून चिपळूणला जाणारा रस्ता धरू. पाटण आणि कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायचा, की खाली कोकण लागते. वाट सुमारे शंभर किलोमीटरची आहे. तुमची वाट दुसरी असेल. पण घाट, पाऊस, खडी आणि अंधार या गोष्टी सगळीकडे सारख्याच.

गाडीवर काय लिहिले आहे?

तुम्ही आता अक्षरे आणि आकडे वाचू लागला आहात. तुमच्या गाडीवरही पुष्कळ लिहिलेले असते. त्यातले आकडे इंग्रजी वळणाचे असतात, पण मोबाइलवर ते तुम्ही रोज पाहता. तेव्हा एकदा गाडी अंगणात उभी करा आणि तिच्याभोवती सावकाश फिरा.

साखळीच्या झाकणावर किंवा मागच्या चाकाजवळ एक छोटा कागद चिकटवलेला असतो. टायरमध्ये हवा किती भरावी ते त्यावर छापलेले असते. तो कागद निघून गेला असेल, तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात पाहा. मागच्या चाकासाठी तिथे बहुधा दोन आकडे असतात. एक आकडा एकट्या माणसासाठी आणि दुसरा दोघांसाठी. दोघांचा आकडा मोठा असतो, कारण ओझे वाढले की हवाही जास्त लागते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. गाडी पळाली की टायर तापते, आतली हवा फुगते आणि आकडा उगाच जास्त दिसतो. काही मंडळी टायर अंगठ्याने दाबतात आणि "ठीक आहे" म्हणतात. अंगठ्याला वीस आणि तीस यांतला फरक कळत नाही, बरं का! काट्याच्या मापानेच हवा भरून घ्या.

टायरच्या कडेला लांबट गोलात चार आकडे असतात. समजा, तिथे २३२२ असे आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे हे टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले. रबर नुसते पडून राहिले तरी जुने होते, कडक होते, त्याला चिरा पडतात. नवे टायर घेताना हे चार आकडे वाचून घ्या. दुकानदार जरा दचकेल, पण जुना माल तुमच्या गळ्यात मारणार नाही.

टायरच्या नक्षीच्या खाचांत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायरचे आयुष्य संपले असे समजावे. अशा टायरवर पावसात घाट उतरू नये.

साखळी, तेल आणि ब्रेक

गाडी मेन स्टँडवर लावा. इंजिन बंद करा. साखळी मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहा. बहुतेक गाड्यांत ती दोन ते तीन सेंटिमीटर हलावी. नक्की माप पुस्तकात असते. साखळीवर पूर्ण झाकण असेल, तर त्याला एक रबरी बूच असते. ते काढले की आतली साखळी दिसते. चाक हाताने थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी असेच पाहा. साखळी सैल असेल तर खडखडते आणि उतरू शकते. पण फार ताणलेली साखळीही वाईटच. दोन माणसे बसली, गाडी मागे दबली, की ती आणखी ताणली जाते आणि झिजते.

साखळीला तेल देताना एक गोष्ट कधीही करू नये. इंजिन चालू ठेवून, चाक फिरत असताना फडके धरू नये. फडके दातात अडकते आणि त्याबरोबर बोटे जातात. पापणी लवायच्या आत हे घडते. चाक हातानेच फिरवावे.

इंजिनचे तेल पाहायला बाजूला एक काठी असते. काही गाड्यांत काचेची छोटी गोल खिडकी असते. गाडी सपाट जागी सरळ उभी करावी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे आणि मग पाहावे. काठीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मधे हवे.

आता ब्रेक. याविषयी आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे. पुष्कळ जण पुढचा ब्रेक वापरायला भितात. "पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो," असे जुने लोक सांगत आले. ही समजूत अर्धीच खरी आहे. बैलगाडी एकदम थांबली की आतली माणसे पुढे कलतात. तसेच ब्रेक लावल्यावर मोटारसायकलचे सारे वजन पुढच्या चाकावर येते. वजन जिथे, तिथे पकड. म्हणून गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. नुसता मागचा दाबला तर हलके झालेले मागचे चाक घसरते आणि गाडी थांबायला जागा फार लागते. तेव्हा दोन्ही ब्रेक एकदम लावावेत आणि पुढचा हिसका न देता हळूहळू दाबत जावा. गाडी सरळ असताना ब्रेक लावावा. खडीवर, चिखलावर किंवा वळणात गाडी कललेली असताना पुढचा जोरात दाबला, तर मात्र जुन्या लोकांचे म्हणणे खरे ठरते!

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या लहान गाड्यांत एक सोय आहे. पायाने मागचा ब्रेक दाबला, की पुढचाही थोडा आपोआप लागतो. सोय चांगली आहे. पण तेवढ्यावर विसंबून हात मोकळा ठेवू नये.

हे सारे रिकाम्या मैदानात शिकावे. पाच-दहा वेळा गाडी थांबवून पाहिली, की हाताला सवय होते. ऐन वेळी डोके चालत नाही, हात चालतो.

वेगाचा हिशोब

ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. ताशी ७२ वेगाने २० मीटर जाते. म्हणजे वेग दुप्पट, अंतर दुप्पट. इथपर्यंत सोपे आहे. पण ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला जे अंतर लागते, ते दुप्पट होत नाही, चौपट होते. ३६ च्या वेगाला समजा १० मीटर लागले, तर ७२ ला ४० मीटर लागतील. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पुढच्या गाडीपासून किती दूर राहावे? एक युक्ती आहे. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली की मनात म्हणायला लागा, "एकशे एक, एकशे दोन." हे म्हणून होण्याआधीच तुम्ही त्या झाडापाशी पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात "एकशे चार"पर्यंत म्हणावे.

घाट उतरताना

घाटात आपल्याकडे एक वाईट खोड आहे. उतार लागला की गाडी बंद करायची आणि तशीच घरंगळत न्यायची. का, तर पेट्रोल वाचते! आमचे मत विचाराल, तर यासारखी महाग काटकसर दुसरी नाही. इंजिन बंद असले की गाडीला आवरायला एकटा ब्रेक उरतो. सारखा दाबून ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक नीट लागत नाही. बरे, पेट्रोल तरी फारसे वाचते का? २०२० सालापासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून सोडणारे यंत्र असते. गाडी गिअरमध्ये असून मूठ पूर्ण सोडली, की उतारावर ते पेट्रोल आपोआप तोडते.

घाट चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये घाट उतरावा. म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. आपली डावी बाजू सोडू नये. वळणापलीकडून एस.टी. येते तेव्हा ती रुंद फिरते. कुंभार्लीत पावसाळ्यात धुके उतरते आणि चार हातांवरचे दिसत नाही. अशा वेळी दिवा लावून, हळू जावे. धुके फारच दाटले, तर रस्त्याच्या पार बाहेर, सुरक्षित जागी थांबून चहा घ्यावा. चिपळूण कुठे पळून जात नाही.

मागे बसणारी माणसे आणि सामान

गाडीवर दोघेच बसावेत, कायदा हेच सांगतो. मागे बसणाऱ्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात गेली तर फार भयंकर होते. म्हणून मागच्या चाकाला डाव्या बाजूची जाळी हवीच. ती काढून टाकू नका. पदर खोचून घ्यावा. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. एका अंगाला बसले की तोल राखणे कठीण जाते. चालवणारी ताई असेल तर तिनेही ओढणी मागे बांधून घ्यावी.

हेल्मेट दोघांनाही हवे. त्यावर आय.एस.आय.चा शिक्का पाहावा. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही, तर हेल्मेट असून नसल्यासारखेच. ते आधी उडून जाते आणि डोके मागाहून आपटते. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी २०२३ च्या फेब्रुवारीपासून नियम आहे. त्याला चालवणाऱ्याशी पट्ट्याने बांधावे, नऊ महिन्यांवरच्या मुलाला मापाचे हेल्मेट घालावे आणि वेग चाळिसाच्या वर नेऊ नये.

जड सामान खाली आणि मधे बांधावे. मागे लोंबणारे ओझे गाडीचे पुढचे चाक हलके करते आणि हँडल डुलू लागते. दोरीचे टोक लोंबते ठेवू नये. आणखी एक गोष्ट. मागे ओझे वाढले की गाडीची शेपटी दबते आणि पुढचा दिवा वर आभाळाकडे पाहू लागतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला रस्ता दिसत नाही. निघण्यापूर्वी भिंतीसमोर गाडी लावून उजेड खाली करून घ्यावा.

पिशवीत काय ठेवावे?

प्लग आणि प्लगचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, साखळीचे एक जादा लॉक, चिकटपट्टी आणि टॉर्च. क्लचची एक नवी वायरही घ्यावी. जाणते लोक ती वायर जुनीच्या शेजारीच बांधून ठेवतात. जुनी तुटली की फक्त दोन टोके बदलायची, दहा मिनिटांचे काम. ट्यूबचे टायर असेल तर जादा ट्यूब घ्या. बिनट्यूबच्या टायरमध्ये खिळा शिरला, तर तो घाईने उपटू नका. खिळाच भोक बुजवून धरतो. त्यावर हळूहळू दुकानापर्यंत जाता येते.

थंडीत पहाटे निघाल तर शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा जाड थर ठेवा. वारा आत शिरत नाही. आधी वाचून घ्या, मग पांघरा!

लायसन, गाडीचे पुस्तक, विमा आणि पी.यू.सी. यांच्या तारखा स्वतः वाचा. विम्याची मुदत कधी संपते, हे एजंटाला विचारायची आता गरज नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा वाट ठरवतानाच ते ध्यानात घ्या.

अपघात झाला तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. दुसऱ्याला मदत करायला भिऊ नका. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, म्हणून २०१९ साली कायद्यात तशी तरतूद केली आहे.

अंधार आणि ऊस

रात्रीचा लांबचा प्रवास शक्यतो टाळावा. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो, चमकती पट्टीही नसते. साठच्या वेगाने जाताना उसाची काळी भिंत एकदम पुढ्यात उभी राहते. तुमच्याच घरी अशी ट्रॉली असेल, तर आजच मागे लाल चमकती पट्टी लावा. तासाभराने थांबून पाणी प्यावे, पाय मोकळे करावेत. भरपेट जेवून लगेच निघू नये. डोळा लागायला दोन सेकंद पुरतात, आणि दोन सेकंदांत गाडी किती जाते ते आपण वर पाहिलेच.

पेट्रोलचे गणित

टाकी भरून घ्या आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. पुन्हा टाकी भराल तेव्हा नवा आकडा लिहा आणि किती लिटर बसले तेही लिहा.

समजा, पहिला आकडा ४२१५ होता आणि दुसरा ४४५५. पेट्रोल बसले ४ लिटर. एका लिटरला गाडी किती किलोमीटर गेली?

चिपळूणला जाऊन आल्यावर आकडा ४६५५ झाला. पुन्हा ४ लिटरच बसले. आता लिटरला किती पडले? गाडी मेन स्टँडवर लावून, गिअर काढून मागचे चाक हाताने फिरवा. ते सहज फिरते का? ब्रेक चिकटत असेल का? हवेचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळतो का? उत्तर वहीत लिहा.