पत्रा चढवण्याआधी

घरी ट्रेलर बांधायला घेणारा माणूस सगळ्यात जास्त विचार पत्र्याचा करतो, कारण डोळ्यांना दिसतो तो पत्रा. कच्च्या वाटेवरचा ट्रेलर मात्र निकामी होतो तो पत्र्याच्या मागे, जिथे हात पोचत नाही तिथे. कोकणात आमच्या कलमांच्या बागेतून, कातळसड्यावरून आंब्याचे क्रेट उतरवणाऱ्या ट्रेलरने मला हे दाखवलं. पुढे त्याच ॲक्सलवर आम्ही घरीच दुसरा ट्रेलर बांधला. जे सांगतो आहे ते या दोन्हींच्या अनुभवावरून.

पहिला ट्रेलर मिनी ट्रॅक्टरबरोबर तयार मिळालेला. बंद पेटीसारखा, बाहेरून गुळगुळीत, चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा थेट वेल्ड केलेला. काही पावसाळे गेले आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा निघाला. ठिगळ मारण्यासाठी तिथला आणि खालचा पत्रा कापला, तर तळाच्या पाइपला स्क्रूड्रायव्हर टोचताच भोक पडलं. पाइपच्या पोटात पाणी साचलं होतं. भरल्या ट्रेलरचा हा सांगाडा उतारावर तुटला असता, तर पुढे ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या अंगावर सगळा भार आला असता.

तडा आणि गंज ही दोन दुखणी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. सड्यावर एक चाक दगडावर चढतं, दुसरं खड्ड्यात जातं आणि सांगाड्याला पीळ बसतो. ट्रॅक्टरच्या पिनेवर ट्रेलरची कडी घट्ट बसत असेल तर ट्रॅक्टर कलला की तोही पीळ सांगाड्यातच उतरतो. सांगाडा थोडा वळतो, वळायलाही हवा. पण त्याला जखडलेला पत्रा वळू शकत नाही. मग ताण दाराच्या चौकोनी कोपऱ्यात गोळा होतो, रंगाला चीर जाते, वेल्ड उकलतं आणि त्या फटीतून पाणी शिरतं. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि वर खारा वारा. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसली की पुढचं काम गंज करतो.

म्हणून पहिली गोष्ट: भार सांगाड्याने आणि तळाच्या प्लेटने उचलायचा, पत्र्याचं काम ऊन-पाऊस अडवण्याचं. पत्रा उतरवून ठेवला तरी ट्रेलर पूर्ण भारासह चालला पाहिजे, अशा बेताने चॅनल आणि अँगल निवडा. कडी स्वतःभोवती फिरणारी बसवा, म्हणजे ट्रॅक्टर कलल्याने येणारा पीळ तिथेच सुटतो. भार असा मांडा की एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा कडीवर येईल. वजन ॲक्सलच्या मागे गेलं तर ट्रेलर शेपटी हलवतो आणि चढावर ट्रॅक्टरची मागची चाकं उचलू पाहतो.

दुसरी गोष्ट जाडीची. ‘मजबूत हवा’ म्हणून 2 मिमी पत्रा घेण्याचा मोह टाळा. 8 बाय 4 फुटांचा तळ आणि 4 फूट उंची असलेल्या बंद पेटीला बाजू, टोकं आणि छप्पर धरून 8 बाय 4 चे चार पत्रे लागतात. 1.2 मिमीचा एक पत्रा सुमारे 28 किलोचा, 2 मिमीचा सुमारे 47 किलोचा. म्हणजे 75 किलो फुकट वाहायचे, तेही ॲक्सलच्या वर उंचावर, जिथे ते ट्रेलर कलंडायला मदत करतात. त्यापेक्षा पातळ पत्र्याला घडी मारून कणा द्या.

तिसरी गोष्ट जोडणीची. पत्रा वेल्ड करू नका. रिव्हेट किंवा बोल्टने बसवा आणि मध्ये रबरपट्टी किंवा पीयू सीलंट ठेवा. 8 फुटी पत्रा पहाटेच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात 40 अंशांनी तापला की लांबीत एक मिलिमीटरहून थोडा जास्त वाढतो. दोन्हीकडून जखडला तर तो फुगणार आणि सांध्यावर ओढ आणणार. दाराचे कोपरे गोल कापा. वरचा पत्रा नेहमी खालच्याच्या बाहेरून यावा, कौलांसारखा. ॲल्युमिनियम घ्यायचं असेल तर ते उघड्या लोखंडाला टेकू देऊ नका. खाऱ्या दमट हवेत दोघांच्या संगतीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

चौथी गोष्ट पाण्याची. पाणी आत जाणारच, हे धरून चाला. तळाशी बंद पाइपऐवजी उघडा अँगल वापरा, म्हणजे रंग आतपर्यंत पोचतो. पाइपच वापरायचा असेल तर सर्वांत खालच्या जागी 8-10 मिमीची भोकं पाडा. रंगाच्या बाबतीत मी पाहिलेली सर्रास चूक म्हणजे जीआय पत्र्यावर थेट ऑइल पेंट. जस्ताशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि काही काळाने पापुद्रे सुटतात. आधी एपॉक्सी किंवा एचिंग प्रायमर हवाच.

आता जिवाची गोष्ट. पत्रा वेल्ड केला नाही तरी सांगाडा वेल्ड करावाच लागतो. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला सुमारे 1500 लागतात. त्यामुळे सांगाड्याच्या जीआय पाइपवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं. दूध प्यायल्याने हा धूर उतरतो, असं वर्कशॉपमध्ये सांगतात. त्यावर विसंबू नका. सांध्याचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा, काम उघड्यावर करा आणि वेल्डिंगच्या धुरासाठीचा फिल्टर असलेला मास्क लावा. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही. काम झाल्यावर त्या जागी झिंक रिच प्रायमर द्या. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ लावा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि ते खराब होतं.

आंबा किंवा कोणताही नाशवंत माल नेणार असाल तर बंद पेटीला खाली-वर जाळीच्या खिडक्या ठेवा. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या आत फळ भाजून निघतं. आणि ट्रेलर बागेच्या कुंपणाबाहेर काढायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. नोंदणीशिवाय तो सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि घरी बांधलेल्याला नोंदणी सहज मिळेल असं समजू नका.

पहिला माल भरण्याआधी एक चाचणी घ्या. ट्रेलर ट्रॅक्टरला जोडा, एक चाक दगडावर चढवा आणि दार उघडतं-लागतं का बघा. अडकलं तर पीळ दाराच्या चौकटीपर्यंत पोचतो आहे. मग नळीने वरून भरपूर पाणी सोडा आणि ते कुठून बाहेर पडतं ते खाली बसून पाहा. जिथे ते साचून राहतं तिथे भोक पाडा. हीच पाहणी दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर करा.

पैसे कमी पडत असतील तर पत्र्यात कमी करा. ॲक्सल, कडी, तळ आणि प्रायमर यांत कधीही नको. बोल्टवर बसवलेला पत्रा पुढच्या हंगामात बदलता येतो. सड्याच्या उतारावर तुटलेली कडी तेवढी सवड देत नाही.